जाधवांच्या मुलीची पत्रिका

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. ती गेली, आणि जाईपर्यंत तिला मी सरळ माणूस वाटत होतो. तुम्हाला का सांगतोय — मलाही नीट ठाऊक नाही.

नाशकात रविवार कारंज्याजवळच्या एका बोळात माझा छापखाना होता. पायानं चालवायचं एक मशीन, शिशाच्या खिळ्यांचे कप्पे म्हणजे केसी, आणि किसन. किसन माझा कंपोझिटर. एकेक अक्षराचा खिळा उचलून तो ओळी जुळवायचा. सत्तरचं दशक संपत आलं होतं, आणि लग्नसराईत आमच्याकडे पत्रिकांशिवाय दुसरं काम नसायचं.

जाधव ओझरच्या विमान कारखान्यात फिटर होते. बौद्ध, किसनच्याच वसाहतीतले. मुलीची पत्रिका छापायला आले ते इस्त्रीच्या शर्टात, आणि थेट माझ्या समोरच्या खुर्चीवर बसले. मी ‘बसा’ म्हणायच्या आधीच. सोनेरी काठाचं, सगळ्यात जाड कार्ड निवडलं. म्हणाले, “वर बुद्धाची मूर्ती घ्या. देवाबिवाचं नाव कुठं नको.”

मला राग आला. देवाचा अपमान झाला म्हणून, असं तेव्हा मी स्वतःला समजावलं. पण खरं सांगू? मी कितीतरी वर्षांत देवळाची पायरी चढलो नव्हतो. राग खुर्चीचा होता. हा माणूस इतका सहज कसा बसला — त्याचा.

किसननं मजकूर मन लावून जुळवला. नवरी त्याच्या डोळ्यांसमोर वाढलेली. जाधवांनी प्रूफ वाचलं, पसंत केलं. दुसऱ्या दिवशी मी किसनला लासलगावला धाडलं, एका कांदा व्यापाऱ्याची पावतीपुस्तकं पोचवायला. ती पोस्टानंही गेली असती. तो गेला, आणि मी जुळवलेल्या मजकुराची चौकट सैल केली. बुद्धाच्या चित्राचा ब्लॉक काढला, गणपतीचा बसवला. त्याच्या लगेच खाली ‘श्री गणेश प्रसन्न’. सगळी कार्डं मी स्वतः छापली. छापताना गुणगुणत होतो — तेही सांगायलाच हवं, नाही का?

संध्याकाळी जाधव बांधलेला गठ्ठा घेऊन गेले. सकाळी मुलीला घेऊन परत आले. एक कार्ड माझ्या टेबलावर ठेवलं. या वेळी ते उभेच होते.

मी कार्ड हातात घेतलं, उलटंसुलटं पाहिलं, आणि म्हणालो, “कंपोझिटरची चूक दिसते.”

किसन केसीजवळ होता. जाधव वळले. “किसन, तू?”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. प्रूफ बरोबर होतं, तो आदल्या दिवशी इथं नव्हता, हे त्याला माहीत होतं आणि मलाही. घरी त्याची आई अंथरुणाला खिळलेली होती, तेही मला माहीत होतं. मी नजर हटवली नाही.

“चुकलं माझं, दादा,” किसन म्हणाला.

मुलीनं विचारलं, “पुन्हा छापून मिळतील का?” मजकूर अजून चौकटीतच होता. ब्लॉक बदलला असता तर दुपारपर्यंत काम झालं असतं. मी म्हणालो, “मजकूर मोडला, खिळे परत केसीत गेले, बाई. लग्नसराई आहे.” मग आणखी म्हणालो — “आणि गणपतीच आहे ना? अशुभ तर नाही काही.”

तिचा चेहरा मला आजही दिसतो. तेव्हा मात्र मला त्याची मजा वाटली होती.

त्यांनी घरी बसून कात्रीनं प्रत्येक कार्डाचा वरचा भाग कापला. वाकड्यातिकड्या कडांच्या त्या पत्रिका नातेवाइकांना गेल्या. वसाहतीत बोललं गेलं, की किसननं मालकाला खूश करायला आपल्याच वसाहतीतल्या लेकीच्या लग्नात देव घुसवला. लग्नात त्याला कुणी ‘जेव’ म्हटलं नाही. पाणवठ्यावर बायका त्याच्या बायकोशी बोलेनाशा झाल्या.

काही आठवड्यांनी किसनची बायको छापखान्यात आली. दारातच उभी राहिली.

“मालक, एकदा येऊन सांगा ना सगळ्यांना. यांच्याकडनं चुकून झालं म्हणावं. मुद्दाम नाय केलं. तुमचं ऐकतील.”

किसन पाठमोरा होता. त्याचा हात केसीवर थांबला.

‘चुकून झालं’, असं ती म्हणाली. म्हणजे त्यानं तिलाही खरं सांगितलं नव्हतं. स्वतःच्या बायकोलाही नाही. का? ती वसाहतीत बोलेल आणि काम जाईल म्हणून? मी कधी विचारलं नाही.

“तुमच्या तुमच्यातल्या भानगडीत मी कशाला पडू?” मी म्हणालो.

ती गेली. किसननं पुढचा खिळा उचलला.

तेव्हा मला काय वाटलं? लाज नाही. दया नाही. हायसं वाटलं — की आता हे कुणालाच कळणार नाही. मी चहा मागवला. एकच.