उभ्या काड्यांचा भात

माझे वडील चिनी होते. हे सांगितलं की लोक आधी हसतात, मग माझ्या डोळ्यांकडे निरखून बघतात आणि म्हणतात, "हो, खरंच की!" बघून घ्या एकदाचं पोटभर आणि मग पुढचं ऐका. आता या वयात मला त्याचं काही वाटत नाही. लहानपणी मात्र बल्लारशाच्या शाळेत यावरून मी किती पोरींच्या वेण्या ओढल्या असतील, देव जाणे.

बाबा आरागिरणीत सुतार होते. पोरवयात जहाजावर सुतारकाम करत कलकत्त्याला उतरले, तिथून सागवानाच्या मागे मागे आमच्या चांद्याच्या जंगलात आले आणि इथलेच झाले. गाव त्यांना चिनी मिस्त्री म्हणायचं. बोलायचे गिरणीतली हिंदी आणि आईची झाडी बोली यांची खिचडी करून, आणि ती सगळ्यांना कळायची.

आई मूल गावाकडच्या धानवाल्या घरातली. तिनं चिनी माणसाशी लग्न केलं तेव्हा माहेरच्यांनी तिच्या नावानं आंघोळ केली. माणूस मेल्यावर करतात ती आंघोळ. लेक जिवंत, धडधाकट, आणि आईबाप नदीवर जाऊन तिच्या नावानं बुडी मारून आले. त्यानंतर त्या घरातून तिला ना चोळी आली ना निरोप. आई याबद्दल कधी बोलायची नाही. मला हे शेजारणीकडून कळलं. ही शेजारीण तोंडाची अशी फाटकी, की तिच्या पोटात काही राहतच नसे.

बाबांचा एक चिनी मातीचा वाडगा होता. काठाला निळी रेघ, एका जागी टवका उडालेला. सोबत बांबूच्या दोन काड्या, स्वतः तासलेल्या. बाबा त्या काड्यांनी जेवायचे, आम्ही दोघी हातानं. स्वयंपाक सगळा आईचा, पण वाडगा बाबा स्वतः भरणार, स्वतः धुणार, काड्या स्वतः पुसून ठेवणार. दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचे नाहीत. आई म्हणायची, "माही सवत हाय ते वाडगं!" बाबा हसायचे आणि वाडगा आणखी घट्ट धरायचे.

जेवताना बाबांच्या तोंडी एकच विषय, त्यांच्या आईच्या हातची पेज. तांदळाचं शीत न् शीत विरघळेपर्यंत शिजवलेली, पांढरी, दाट, आणि तिच्याबरोबर खारवलेलं बदकाचं अंडं, वाळलेली मासोळी, मोहरीच्या पानांचं लोणचं. आई म्हणायची, "पेजेचं का येवढं कौतुक? आमच्याकडं आजाऱ्याले देतात पेज." म्हणायची असं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे उठून पेज शिजत लावायची. कधी त्यात आलं घालून बघ, कधी सुकी मासोळी भाजून बघ. समोर बसून विचारायची, "जमली का आज?" बाबा म्हणायचे, "अच्छी है." पण पहिल्या घोटानंतर जरा थांबायचे. त्या थांबण्यावरून आईला कळायचं की अजून जमलेली नाही. बिचारी पुन्हा प्रयत्न करायची.

एक गोष्ट मात्र जमायची. पावसाळ्यात जंगलगावच्या बाया बाजारात वास्ते आणायच्या, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. बाबांनी ते पहिल्यांदा पाहिले तेव्हा म्हणे त्या बाईच्या टोपलीपुढे लहान मुलासारखे उकिडवे बसले. वास्त्यांची भाजी केली की बाबा थांबायचे नाहीत. "हे घरच्यासारखं लागते," म्हणायचे. आईला एवढ्यानंच आठवडाभर पुरेल असा आनंद व्हायचा.

वर्षातून एकदा एक चिनी कापडवाला यायचा. सायकलवर रेशमाचं गाठोडं बांधून नागपूरकडून फिरत फिरत. तो आला की बाबा कामावर खाडा करायचे आणि दोघं अंगणात बसून त्यांच्या भाषेत बोलत राहायचे. पन्नास साल उलटून काही वर्षं झाली असतील. त्या खेपेला तो स्वतःच्या देशी जाऊन आलेला होता. बोलता बोलता त्यानं काहीतरी सांगितलं आणि बाबांनी हातातला रंधा खाली ठेवला. मी बघत होते, त्यांचा चेहरा एकदम पोरासारखा झाला.

कापडवाला बाबांच्या गावच्या बाजारातून गेला होता. तिथं कोणाला तरी विचारलं, तर कळलं की म्हातारी जिवंत आहे. इतकी वर्षं ना पत्र ना निरोप. मधल्या लढायांत आई गेली असं बाबा धरून चालले होते. संध्याकाळी ते चुलीपाशी येऊन बसले आणि आईला म्हणाले, "जाऊन येतो. तिच्या हातची पेज खातो अन् येतो."

आई म्हणाली, "जा ना. माय हाय तुमची." पण तिचा हात पिठात तसाच राहिला होता.

शेजारणीला राहवलं नाही. "बाई, काऊन जाऊ देऊन राह्यली? गेला तो गेला आता. तिकडं असंल त्याचं गणगोत, असंल एखादी बायको. समुद्रापलीकडून कोन येते वापस?" आईनं तिला हात धरून घरात आणलं आणि कोपऱ्यातली हत्यारांची पेटी दाखवली. "हे पाह्य. रंधे, करवती, पटाश्या, समदं इथी हाय. सुतार पेटी सोडून जात नाई. येतीन ते." शेजारीण आपल्या घरी गेली. आईचा स्वतःचाही पुरता विश्वास नव्हता, ते मला तिच्या आवाजावरून कळत होतं.

सासूसाठी काय पाठवायचं याचा आईनं कितीतरी विचार केला. तिला माहेर नव्हतं. सासरही समुद्रापलीकडे. आपलं म्हणणारं एकच घर जगात उरलं होतं आणि ते तिनं पाहिलेलंही नव्हतं. त्या घरानं तरी आपल्याला सून म्हणावं, एवढीच तिची हौस. शेवटी तिनं वास्ते चिरून, उकडून, कडक उन्हात वाळवले आणि नव्या फडक्यात बांधून दिले. "सांगजा, सुनेनं पाठोले," असं ती बाबांना तीनतीनदा बजावत होती. गाडी हलली तरी खिडकीशी पळत पळत तेच.

मग वाट बघणं सुरू झालं. आई डेपोत लाकडाच्या साली सोलायच्या कामाला जाऊ लागली. पत्र काही आलं नाही, आणि आलं असतं तरी वाचलं कोणी असतं? पावसाळा आला, वास्ते बाजारात आले, आईनं घेतले नाहीत. "कोन खाते आता," म्हणाली.

पण एक नेम तिनं सोडला नाही. नवऱ्याच्या आधी आई कधी जेवली नव्हती. ते गेल्यावरही संध्याकाळी आधी बाबांचा वाडगा भरायचा, त्यांच्या जागी ठेवायचा, थोडा वेळ थांबायचं आणि मग तोच वाडगा ओढून आपण जेवायचं. जमीन शेणानं सारवलेली, उंचसखल. काड्या वाडग्यावर आडव्या ठेवल्या की घरंगळायच्या. म्हणून ती त्या भातात उभ्या रोवायची, सरळ, शेजारी शेजारी. मला तो गार भात बघून राग यायचा. मी म्हणायची, "आई, गरम असतानाच खा ना!" ती म्हणायची, "चूप बस. तुह्या बाबाचं जेवण व्हाचं हाय अजून."

दुसरा पावसाळाही गेला. शेजारीण आता काही बोलत नव्हती, नुसती आईकडे बघून मान हलवायची. ते तर आणखी वाईट. मला तिच्या अंगावर धावून जावंसं वाटायचं. आई मात्र दर आठवड्याला पेटी उघडून करवतींना तेल लावायची, गंज चढू नये म्हणून.

थंडी पडायला लागली होती तेव्हाची गोष्ट. उन्हं कलली होती. डेपोला सुट्टी असल्यामुळे आईनं स्वयंपाक लवकर उरकला. वाडगा भरून जागेवर ठेवला, काड्या रोवल्या, आणि दारात कोणीतरी उभं राहिलं. बाबा! वाळून गेलेले, केस पांढरे झालेले, काखेत जाताना नेलेलं गाठोडं. मी ओरडले. पण बाबा माझ्याकडे बघत नव्हते, आईकडेही नाही. ते त्या वाडग्याकडे बघत होते. बघता बघता उंबऱ्यावरच बसले आणि ओक्साबोक्शी रडायला लागले.

आईचं तोंड पांढरं पडलं. "गेल्या का सासूबाई?"

बाबांनी नाही म्हणून मान हलवली. पुढे सरकले, भातातल्या काड्या उपटल्या आणि जमिनीवर आडव्या ठेवल्या. "अशा उभ्या नको लावू," म्हणाले. "उभ्या काड्या मेलेल्या माणसाच्या भातात लावते आमच्यात."

आईनं तोंडावर हात घेतला. "मले का मालूम! मी तर तुमाले..."

मग बाबांनी सांगितलं. लढाईच्या दिवसांत कोणीतरी गावात खबर आणली होती की तुमचा पोरगा परदेशात मेला. त्यांच्या घरात मेलेल्यांच्या नावांच्या लाकडी पाट्या एका फळीवर मांडतात आणि त्यांच्यापुढं अन्न ठेवतात. त्या फळीवर बाबांची पाटी होती. "लकडी चांगली वापरली होती," बाबा म्हणाले. सुतार माणूस, तिथंही लाकूड पाहिलं.

म्हातारीच्या डोळ्यांत मोतीबिंदू. पोरगं घरातून गेलं तेव्हा मिसरूडही फुटलं नव्हतं. आला तो काळवंडलेला, दात पडलेला, आपलीच भाषा अडखळत बोलणारा माणूस. बाबा म्हणाले, मी तुझा मुलगा. ती घाबरून रडायला लागली. पुन्हा सांगितलं, पुन्हा रडली. शेवटी म्हातारीला सांभाळणारी बाबांची भावजय म्हणाली, सोडून द्या, म्हाताऱ्या जिवाला त्रास होतो. म्हातारीनं स्वतःच मनाशी ठरवून टाकलं की हा माझ्या मुलाच्या ओळखीचा माणूस आहे, त्याची हकिकत सांगायला आला आहे.

मग बाबा आपल्याच घरात पाहुणे होऊन राहिले. पाहुण्याला म्हातारी रोज चांगलंचुंगलं वाढायची. मासे, डुकराचं मांस, घरात असेल नसेल ते. एकदा बाबांनी पेज मागितली, तर ती रागावली. पाहुण्याला कोणी पेज वाढतं का? लोक काय म्हणतील? पेज ती रोज सकाळी करायची, पण मुलासाठी. फळीवर ठेवायची, काड्या रोवून. ती उठून गेली की बाबा तो वाडगा घ्यायचे आणि कोपऱ्यात उभं राहून गार झालेली पेज प्यायचे. वाडगा रिकामा बघून म्हातारी खूश व्हायची, पोरगा जेवला म्हणून.

"रोज इचारत होती," बाबा म्हणाले, "माझा पोरगा तिकडं का खात होता? पोट भरत होतं का त्याचं? मी सांगत होतो, हो, भरत होतं. बायको पेज करून घालत होती. मग ती बायकोचं इचारत होती. चांगली होती का, म्हणे. मी म्हटलं, होती."

मला त्या म्हातारीचा असा संताप आला! पोटच्या पोराला कसं ओळखू नये माणसानं? पुढं मी आई झाले, म्हातारी झाले, सगळं समजतं मला. तरी राग काही जात नाही.

आई इतका वेळ भिंतीला टेकून ऐकत होती. तिनं एकच विचारलं, "वास्ते दिले का मी पाठोले ते? खाल्ले का त्यायनं?"

"दिले. सुनेनं पाठोले म्हटलं. हातात घेऊन लय वेळ वास घेत बसली. शिजवले." बाबांनी काखेतलं गाठोडं खाली ठेवलं. "पण तिनं नाई खाल्ले. समदे पोराच्या वाडग्यात टाकले. मग मीच खाल्ले."

बाहेर शेजारणीच्या कोंबड्या ओरडत होत्या. आईनं पदरानं तोंड पुसलं आणि जे कधीच बोलली नव्हती ते बोलली. "माह्या नावानं तर आंघोळ करून मोकळे झाले माहे लोक. तुमची माय तुमाले रोज जेवू तरी घालते." आणि लहान पोरीसारखी हुंदके देऊन रडायला लागली. बाबा तिच्याशेजारी जाऊन बसले. मी त्या दोघांकडे बघत उभी राहिले. दोघंही आपापल्या घरी मेलेले होते, आणि माझ्यापुढे भिंतीला टेकून बसले होते.

मग आई एकदम उठली. तो गार भात तिनं अंगणात कोंबड्यांना टाकून दिला आणि वाडगा घासून लख्ख केला. बाबांनी सवयीनं वाडग्यासाठी हात पुढं केला. आईनं दिला नाही. म्हणाली, "मी वाढतो आज. हात धुवा. कोंबडी आणतो शेजारून, कापतो. दोन सालानं माणूस घरी आला."

"कोंबडी नको," बाबा म्हणाले. "मी का पाहुणा हाय? पेज कर."

आईनं तांदूळ धुवायला घेतले. पेज शिजायला खूप वेळ लागला, तेवढा वेळ आम्ही तिघं चुलीपाशी बसून राहिलो. आईनं वाडगा भरला, काड्या आडव्या ठेवल्या, घरंगळू नयेत म्हणून हातानं धरून ठेवल्या. बाबांनी पहिला घोट घेतला. आई त्यांच्या तोंडाकडे बघत होती, मीही बघत होते. त्या दिवशी बाबा थांबले नाहीत.