फट राखलेली कवळी

सकाळी दिवा पेटवून गुलाबी मेणाची पट्टी त्यावर धरली की एक मंद, उबदार वास खोलीभर पसरतो. उपासनेचा आरंभ व्हावा तसं मला त्या क्षणी नेहमी वाटत आलं आहे. नारायणगुड्यातल्या एका अरुंद जिन्याच्या माथ्यावर, एकच खिडकी असलेल्या खोलीत, मी तीस वर्षं लोकांच्या कवळ्या घडवते. डॉक्टर मापं पाठवतात, मी मेणात दात मांडते. ज्याच्या मुखात ते जायचे त्याचा चेहरा मला सहसा दिसतही नाही. अनोळखी माणसांच्या हसण्याची तजवीज एकटीनं करत बसायचं, हा काही कुणी हौसेनं निवडावा असा धंदा नव्हे! पण वडील सांगत, देवानं हाती दिलेलं काम त्याच्यापुढेच ठेवायचं असतं, त्यात खोट नसावी. ते मी इतकं मनावर घेतलं, की जी बाजू फक्त जिभेलाच कळायची, तीही लखलखेपर्यंत घासत असे.

या परभाषी शहरात आठवडाभर माझ्या कानांवर तेलुगू आणि दख्खनी. घरी तर कुलूपच माझी वाट पाहतं. मराठी भेटते ती रविवारी सकाळी चर्चमधल्या उपासनेला, तिथेही आम्ही इनमीन अकरा डोकी. मुलं गीतं म्हणतात ती मोबाईलवर इंग्रजी अक्षरांत लिहून घेतलेली. मराठीतून शास्त्रपाठ वाचणारे एकटे शांतवनमामा उरले. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, सडपातळ, हसरे. त्यांच्या पत्नी एस्तेरमामी पहिल्या बाकावर बसतात. त्यांची दृष्टी जाऊन बरीच वर्षं झाली, पण घरात त्या भिंतीला हात लावत नाहीत. मामांचा आवाज जिथून येतो तिकडे नीट चालत जातात.

गेल्या वर्षी मामांचे दात काढावे लागले, आणि आबिड्स भागातल्या डॉक्टरांकडून त्यांचं माप माझ्याच टेबलावर आलं. नावानिशी ओळखीचं माणूस! मी मेणाला हात लावण्याआधी डोळे मिटून प्रार्थना केली. सोबत त्यांच्या जुन्या दातांचा प्लास्टरचा ठसा होता: पुढच्या दोन दातांत तांदळाचा दाणा मावेल एवढी फट, शेजारचा एक दात जरा वळलेला. तो ठसा मी फळीवर ठेवून दिला आणि उभ्या आयुष्यात मांडले नव्हते इतके देखणे, सरळ दात मांडले. मामा आरशात बघून खुलले. डॉक्टरांनीही वाखाणलं.

त्या रविवारी मामा वाचायला उभे राहिले. शब्द कसे स्वच्छ, एकही अडखळ नाही, पूर्वी फटीतून वाजायची ती बारीक शीळही नाही. खरं सांगू? मी शास्त्र ऐकतच नव्हते, स्वतःचं काम ऐकत होते. वाचन संपलं, आणि त्या शांततेत मामींनी हलकेच विचारलं, “आज हे कोण वाचतंय?”

कुणीतरी हसलं. मामा खाली वाकून म्हणाले, “अगं, मीच.” मामींनी मान हलवली, पण त्यांचा हात बाकाची कड सोडेना. पुढच्या आठवड्यात मामांनी मला जिन्यात गाठून सांगितलं, “ती घरात पुन्हा पुन्हा हाक मारते, मी ओ दिली तरी पुन्हा विचारते, कोण म्हणून. आणि आता भिंत धरून चालते.” तक्रार अशी त्यांनी केली नाही. तेच मला जास्त लागलं.

देवाला निर्दोष अर्पण द्यावं, हे खरंच. पण ज्याच्यासाठी काम करायचं त्या माणसालाच वगळून जे निर्दोषपण उरतं, ते देवाला वाहिलेलं, की स्वतःच्या हाताला? तीस वर्षं मी भक्ती म्हणून जे जपलं, त्यात गर्व किती मुरला होता! मला माझीच लाज वाटली. कुणाशी बोलावं, तर खोलीत मी आणि प्लास्टरचे मुके जबडे.

डॉक्टरांकडे गेले, सारं सांगितलं आणि नवं माप मागितलं. ते कपाळाला हात लावून म्हणाले, “जान के टेढा लगाए तो लोगां मेरेकुच हँसते, मॅडम.” लोक हसले तर हसू देत, मुद्दाम वाकडे लावले म्हणून माझं नाव सांगा, म्हटलं. मग फळीवरचा ठसा उतरवला आणि फट जशी होती तशी मांडायला बसले. सरळ मांडायला शिकलेला हात वाकडं मांडेना. चार वेळा मेण खरवडलं.

नवी कवळी बसवल्यानंतरच्या रविवारी मी नेहमीसारखी शेवटच्या बाकावर होते, पण सारं लक्ष मामांच्या वाचनाकडे. गीतं आली नि गेली. मामा उभे राहिले. पहिल्याच ओळीत त्या फटीतून ती जुनी बारीक शीळ वाजली, आणि मामींची बाकावर आवळलेली बोटं सैल झाली. त्यांनी चेहरा आवाजाकडे वळवला आणि वाचन संपेस्तोवर हलवला नाही. माझे डोळे भरून आले, आणि मनात आलं, या शहरात आपला आवाज बदलला, थांबला, तर कुणाला कळणार आहे?

बाहेर पायरीवर मामा मामींचा हात माझ्या हाती देऊन रिक्षा बघायला गेले. मामी आता कवळीबद्दल बोलतील, अशी माझी खात्री होती. त्या माझ्या मनगटावर बोटं फिरवत राहिल्या.

“आज तू गायली नाहीस,” त्या म्हणाल्या. “मागून तुझा आवाज आला नाही. बरं नाही का गं?”

“बरी आहे,” मी म्हटलं. आणि मग बोलतच राहिले, रिक्षाबद्दल, उन्हाबद्दल, वाटेल ते. नुसता आवाज त्यांना ऐकू जावा म्हणून.