गाडी सांगताना

आमच्याकडे गाडी नुसती देत नाहीत, सांगतात. रजेवर जाणारा ड्रायव्हर बॉनेटवर हात ठेवतो आणि पुढच्या बंपरपासून मागच्या फाळक्यापर्यंत गाडीची सगळी दुखणी घेणाऱ्याला ऐकवतो. घेणारा मान डोलवत ऐकतो आणि शेवटी विचारतो, "अजून?" काही राहिलं असेल तर ते तेव्हा सांगायचं, नाहीतर "बस" म्हणायचं. मग किल्ली हातात पडते. कागदावर कुठेच काही नसतं. जुन्या गाड्यांवर पोट भरणाऱ्यांनी जीव वाचवायला काढलेली ही रीत, आणि ती मी मोडली.

पवनीबाहेरच्या आमच्या ट्रान्सपोर्टमध्ये एकेकाळी अकरा ट्रक होते. आता चार चालतात. तीन आवाराच्या कोपऱ्यात विटांवर उभे आहेत, बाकीचे विकले गेले. त्या उभ्या गाड्यांना आम्ही दवाखाना म्हणतो, कारण चालत्या गाडीला काही लागलं की त्यांच्याच अंगातून काढून आणायचं. मिस्त्री गेला, क्लीनर गेले. शेठ माणूस वाईट नाही, पण यंदा त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, ब्रेकचं काम निघालेल्या गाडीवर यापुढे खर्च नाही, ती सरळ भंगारात जाईल. गाडी गेली की तिचा ड्रायव्हरही घरी, हे त्यांनी सांगायची गरज नव्हती.

आणि माझ्या गाडीला नेमकं ब्रेकचंच दुखणं होतं. ब्रेक ज्या हवेच्या जोरावर लागतो, ती टाकीतली हवा कुठूनतरी हळूहळू सुटायची. हवा किती उरली ते दाखवणारा समोरचा काटा सहावर अडकून बसला होता. टाकी रिकामी असली तरी सहाच. मी त्याच्याकडे बघायचंच सोडलं होतं. टाकी भरली की खालून फुस्स असा आवाज येतो, तो ऐकल्याशिवाय मी उतारावर गाडी घालत नसे. चार महिने असेच निघाले आणि स्वतःच्या हुशारीवर मी खूशही होतो.

उन्हाळ्यात कोंढ्याला मेहुण्याचा साखरपुडा निघाला. मी एका दिवसाची रजा टाकली. गाडी घ्यायला आले ते आमचे उस्ताद, आमच्यातले सगळ्यांत जुने ड्रायव्हर. मला स्टेअरिंग धरायला त्यांनीच शिकवलं. त्यांच्या गाडीचं टायर फाटलं होतं आणि दवाखान्यात तसं एकही उरलं नव्हतं.

मी बॉनेटवर हात ठेवून सुरुवात केली. डावं दार दोरीनं बांधा. सेल्फ मारत नाही, उतारावर उभी करा. तिसरा गिअर उडतो, हातानं दाबून धरा. आता काट्याचं सांगायचं, म्हणून वर बघितलं तर शेठ चहाचा कप घेऊन तीन पावलांवर उभे.

"अजून?" उस्तादांनी विचारलं.

"बस," मी म्हटलं.

नंतर फोन करून सांगू, असं मनाशी ठरवलं होतं. उस्ताद गाडी चालवताना फोन उचलत नाहीत हे मला पक्कं माहीत होतं, पण त्या घडीला ते माहीत नसल्यासारखं करणं सोयीचं होतं.

कोंढ्याच्या मांडवात पोचेपर्यंत मी सात वेळा फोन लावला. आधी नुसती घंटी वाजली, मग फोन लागेनाच. म्हणजे गाडी नाकाडोंगरीच्या पुढे जंगलात शिरली. तिथे खाणीचा माल भरायचा आणि लदलेली गाडी घेऊन उतार उतरायचा. त्या उताराच्या पायथ्याशी एका गावाचा आठवडी बाजार रस्त्याला अगदी चिकटून भरतो. पानावर आलू-वांग्याची भाजी पडली तेव्हा मला आठवलं की आज बाजाराचाच दिवस. उस्ताद काट्याकडे बघणार, सहा दिसणार आणि निर्धास्त उतरणार. मी पानावरून उठलो.

बायकोनं माझा चेहरा बघून बाजूला घेतलं. मी तिला सगळं सांगितलं. तिला वाटलं होतं माझं पोट बिघडलं.

"मंग तुमी इथं कायले बसून राहिले?" ती म्हणाली.

मेहुण्याची मोटारसायकल घेऊन निघालो. भंडारा गेलं, तुमसर गेलं. रस्त्याकडेला चार माणसं एकत्र दिसली की मी वेग कमी करायचो. जवळ गेल्यावर कळायचं की रसवंतीवरची गर्दी आहे. वाटेत मी शेठला शिव्या दिल्या, काट्याला दिल्या, फोन न उचलणाऱ्या उस्तादांनासुद्धा दिल्या. स्वतःला शिवी द्यायची मात्र हिंमत होईना, कारण ती सुरू झाली असती तर गाडी चालवता आली नसती.

उताराच्या शेवटच्या वळणावर ट्रक दिसला. डावीकडच्या मातीच्या बांधात तोंड खुपसून उभा, मागच्या चाकांना दगड लावलेले. बाजारातलं भाजीचं पहिलं दुकान तिथून दोनशे पावलांवर असेल. उस्ताद एका मोहाच्या झाडाखाली बसले होते. पायाखाली ब्रेक मेला तेव्हा त्यांनी गिअर खाली ओढून गाडी बांधावर घातली होती. कोणाला खरचटलंही नव्हतं. पण हातात बिडी होती आणि काडी काही पेटत नव्हती. मी पेटवून दिली.

"काट्याचं मले काही नाही वाटत," ते म्हणाले. "जुना झाला, अडकला. मी तुले अजून म्हनून इचारलं होतं ना, बाबू?"

मी पाना घेऊन गाडीखाली शिरलो.

गाडी कशीबशी आवारात आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी उस्तादांनी रीतीप्रमाणे ती मला परत सांगायला घेतली. शेठही बाहेर आलेले. दार, सेल्फ, तिसरा गिअर, एवढं म्हणून उस्ताद थांबले. हात बॉनेटवर तसाच. आता "अजून?" विचारायची पाळी माझी होती. मला ते विचारवेना. शेठकडे वळून मीच सांगितलं की हवा सुटते, काटा खोटा आहे आणि मला हे चार महिन्यांपासून ठाऊक आहे. शेठनी उस्तादांच्या हातातून किल्ली घेतली. संध्याकाळपर्यंत माझी गाडी विटांवर होती.

दहा-बारा दिवस मी घरी बसून होतो. मग उस्तादांचा निरोप आला. त्यांनी शेठला गळ घातली होती की त्यांच्याच गाडीवर मलाही घ्यावं, दोघं एकेक आठवडा वाटून घेऊ. मी धावतच गेलो. आवारात तांदळाची पोती भरून त्यांचा ट्रक उभा होता, आसपास दुसरं कोणी नव्हतं. त्यांनी बॉनेटवर हात ठेवून गाडी सांगितली. वायपर नाही. क्लच घट्ट आहे. मागचा एक लाइट बंद.

"अजून?" मी विचारलं.

त्यांनी एकदा मागे वळून आवाराकडे बघितलं.

"स्टेअरिंगचा रॉड तुटला होता. वेल्डिंग मारून चालवून राहिलो. दिवाईच्या आधीपासून."

दिवाळीत ती गाडी दोन दिवस माझ्याकडे होती. बायकोला आणि मुलीला शेजारी बसवून मी ती भंडाऱ्याला नेली होती. मुलगी सगळ्या वाटेत गाणी म्हणत होती. तेव्हाही मी किल्ली घेताना "अजून?" विचारलं होतं आणि उस्ताद "बस" म्हणाले होते.

त्यांची कॉलर धरावी असं वाटलं, खरंच वाटलं. पण मातीच्या बांधात तोंड खुपसलेला माझा ट्रक डोळ्यांसमोर आला आणि हात उचलेना.

"अजून?" मी पुन्हा विचारलं.

"बस," ते म्हणाले आणि किल्ली पुढे केली.

मी किल्ली घेतली, पण गाडीत चढलो नाही. आधी तुम्ही शेजारी बसा, म्हटलं. उस्ताद पलीकडून गेले, दार उघडलं आणि माझी मुलगी बसली होती त्या जागेवर जाऊन बसले.