बारा पावलांचा पंच

हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा मी पोळ्या करत होते. नर्स हळू आवाजात बोलली. मी 'थँक यू' म्हटलं, फोन ठेवला आणि परातीत उरलेल्या तीन गोळ्यांच्या पोळ्या लाटून, भाजून, तूप लावून डब्यात ठेवल्या. मग मिसिसागाला मुलाला कळवलं. माझे यजमान गेले त्याला आता सात आठवडे झाले, आणि मला अजून रडू आलेलं नाही. भेटायला येणाऱ्या बायका माझ्याकडे बघून स्वतःच डोळे पुसतात, मी टिश्यूचा बॉक्स त्यांच्यापुढे करते. आत काही हलतच नाही… माणूस दगड होतो म्हणतात, तसंही नाही. नुसतं बधिर वाटतं, दात काढायच्या आधी हिरडी वाटते तसं.

ह्यांचं नाव यशवंत, पण इथे कॅनडात, विंडसरच्या मोटारींच्या कारखान्यात सगळे ह्यांना 'रेफ' म्हणत, म्हणजे रेफ्री. हे मूळचे कोल्हापूरचे. त्या गावात फुटबॉल हा नुसता खेळ नाही, पेठेपेठेतलं वैर आहे, आणि हे त्या वैरातच वाढलेले. कारखान्यात ह्यांच्या खात्यात चार गोरे होते: एक इंग्लंडचा, एक वेल्सचा, स्कॉटलंडचा इयन आणि उत्तर आयर्लंडचा बिली. त्यांच्या चार शेजारी देशांत दरवर्षी फुटबॉलची स्पर्धा व्हायची. शंभर वर्षं चालली ती, आणि चौऱ्याऐंशी साली बंद पडली. शेवटच्या वर्षी चौघांचेही गुण सारखे झाले आणि निव्वळ गोलांच्या फरकावर चषक बिलीच्या लोकांकडे गेला. बिली हे रोज डब्याच्या सुट्टीत ऐकवायचा. शेवटी इयन वैतागून म्हणाला, "ते खेळत नसतील तर आपण खेळू." पण पंच कोण होणार? चौघांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नव्हता. ह्यांच्यावर मात्र होता, कारण ह्यांचा चौघांवर सारखाच अविश्वास होता.

त्या दिवशी घरी आल्यावर हे बूटसुद्धा न काढता म्हणाले, "नलू, मला पंच केलंय. लांबच्याशी कोण बी खेळतंय गं. शेजाऱ्याशी हरलं की दुसऱ्या दिवशी तोंड दाखवायला लागतंय. लई जपून शिट्टी मारायला पाहिजे."

तेव्हापासून मे महिन्यातला एक शनिवार आमच्या घरात कुठल्याही सणापेक्षा मोठा झाला. नदीकाठच्या पार्कात चौघे आपापली पोरं, जावई, शेजारी गोळा करून यायचे, आणि मी सगळ्यांपुरती कांदाभजी तळून न्यायची. पुढे पोरं नोकऱ्यांसाठी पांगली, बापांचे गुडघे गेले, आणि स्पर्धा नुसत्या पेनल्टीवर आली. गोलपासून बारा पावलं मोजायची, चेंडू ठेवायचा, शिट्टी. पावलं अर्थात हेच मोजायचे. "टेप आणा की," म्हटलं तर म्हणायचे, "पंचाचं पाऊल म्हणजे पाऊल." मग वेल्सवाला वारला, इंग्लंडवाला मुलीकडे व्हँकुव्हरला राहायला गेला. इयन आणि बिली तेवढे उरले, तरी ह्यांची शिट्टी तितकीच कडक.

चार वर्षांपूर्वी पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की ह्यांची पावलं आखूड पडताहेत. पुढच्या वर्षी तर बारा पावलं होऊनही चेंडू गोलकीपरच्या जवळजवळ पायाशीच. बिलीने नुसता पाय लावला तरी गोल! फोल्डिंग खुर्चीत बसून मी पोट धरधरून हसले. "अहो, एवढे कडक पंच तुम्ही, आणि म्हाताऱ्यांसाठी पावलं चोरता होय?" हेही हसले. मला वाटलं, काय मऊ झालाय हा माणूस… मंडळाच्या गणपतीत मी ही गोष्ट रंगवून रंगवून सांगितली, आणि पाय घासत, इवली इवली पावलं टाकत ह्यांची नक्कलही करून दाखवली. सगळे हसले. पहिल्या रांगेत बसून हेही हसले.

त्या हिवाळ्यात ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने उपसताना हे पडले. डॉक्टरांनी ह्यांना दारापासून खुर्चीपर्यंत चालताना पाहिलं आणि पार्किन्सन्स म्हणाले. मी तीस वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काढली, लोकांचे आजार काचेवर शोधले, आणि घरातला आजार मला दिसला तेव्हा मी त्याची नक्कल करून टाळ्या घेतल्या. पुढची दोन वर्षं ह्यांची बटणं लावली, चमच्याने भरवलं. पण 'मला माफ करा' एवढं काही तोंडातून निघालं नाही. मला लाज वाटत होती, अजून वाटते. मार्चमध्ये न्यूमोनिया झाला आणि सांगायचं राहूनच गेलं.

गेल्या शनिवारी दुपारी बेल वाजली. दारात इयन आणि बिली. स्पर्धेचा शनिवार. "खेळायला नाही आलो," इयन म्हणाला, "पण घरी बसवेना." दोघे सोफ्यावर अवघडून बसले. काय झालं कोण जाणे, ज्या गोष्टीबद्दल मुलाशीही बोलले नव्हते ती मी त्या दोघांना सांगून टाकली. नक्कल, टाळ्या, सगळं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग इयन म्हणाला, "नलिनी, रेफला माहीत होतं. तुझ्या त्या गणपतीच्या आधीपासून. स्पेशालिस्टकडे त्याला मीच ड्राइव्ह करून नेलं होतं."

"आणि मला सांगू नका म्हणाले?"

"म्हणाला, मुलगा मिसिसागाला राहायला गेल्यापासून ती इतकी हसली नव्हती," बिली खाली बघत म्हणाला. "अजून थोडे दिवस हसू दे म्हणाला."

मला हलकं वाटेल, या आशेने त्यांनी ते सांगितलं असणार. मला राग आला. सात आठवड्यांत पहिल्यांदा काहीतरी आलं, आणि आला तो राग. मी हसावं म्हणून हा माणूस स्वतःची नक्कल बघत पहिल्या रांगेत बसला? तेवढे महिने मला आधी कळलं असतं, तर तेवढे महिने मी आधी हात धरला असता. ते माझे दिवस होते. पंचाने ते कुणाला विचारून वाटून टाकले? मी दोघांना साधा चहाही विचारला नाही. ते बिचारे आपणहून उठले.

बेडरूमपासून वॉशरूमपर्यंतच्या पॅसेजमध्ये जमिनीवर पिवळ्या टेपच्या आडव्या पट्ट्या आहेत. फिजिओथेरपिस्टने लावल्या होत्या. डोळ्यांसमोर रेघ दिसली की अडकलेलं पाऊल उचलतं, असं ती म्हणाली होती, आणि खरंच उचलायचं. रविवारी मुलगा आला तेव्हा म्हणाला, "आई, शुड आय टेक दीज आउट? यू विल ट्रिप." मी राहू दे म्हटलं. त्या पॅसेजमधून आता मी पट्टी ओलांडत ओलांडत जाते, आणि प्रत्येक पट्टीला ह्यांच्याशी भांडते. अहो, मला का नाही सांगितलं? पुढची पट्टी. मी काय परकी होते? पुढची पट्टी… काल निम्म्या वाटेत भिंत धरून उभी राहिले. पुढची पट्टी धूसर झाली, मग दिसेना.