पेला न हलवणारी पाहुणी

ओमानातल्या निझव्याचा खलफान आपल्या जुन्या गाडीला पोटच्या पोरीवाणी जीव लावायचा. इंजिन खलबत्त्यावाणी खडखडायचं अन् ऑइल घटाघटा प्यायचं. तरी मेव्हणीच्या लग्नाला डोंगरावर याच गाडीनं जायचा त्याचा हट्ट.

पंपावर तो पुन्हा ऑइलचा डबा ओतू लागला, तशी बायको झुवैना म्हणाली, "बद्रच्या बा, कॉफी बास झाली की पाहुणा पेला हलवतो. तुमची ही पाहुणी कधी हलवायची?"

"खानदानी हाय ती. पोटभर पिती."

अर्ध्या चढावर गाडी खडखडली, गदागदा हलली अन् गप झाली.

झुवैना खाली उतरली. "हलवला बघा पेला! आता माझ्या भावाला बोलवा, न्हाईतर आपल्याआधी नवरीच सासरी पोचंल."

बॉनेट थोपटत खलफाननं फोन लावला.