सतरा जणांची परीक्षा

सतरा जणांची परीक्षा मी एकट्याने दिली. एका दुपारी, कॅन्टीनमागच्या खोलीत बसून, प्रत्येकाच्या नावाने वेगळी. सगळे पास झाले. त्यांत स्टोअर सांभाळणाऱ्या ताई होत्या, आणि त्यांनी मला तसं करू नका असं सांगितलं होतं. पुढे त्यांच्यावर जे बालंट आलं ते माझ्यामुळे आलं, आणि आठ महिने मी गप्प बसलो.

आमचा कारखाना नवी मुंबईत, पावण्याला आहे. यंत्रांना लागणारे रबरी सील आम्ही बनवतो. मी प्लॅनिंगला. वर्षभरापूर्वी कंपनीने सगळा कारभार क्लाउडवर न्यायचं ठरवलं. स्टोअरच्या वह्या बंद, कार्डं बंद, सगळं स्क्रीनवर. बाहेरून दोन तरुण येऊन दोन दिवस इंग्रजीत शिकवून गेले, व्हिडिओच्या लिंका पाठवल्या, आणि उरलेल्यांना शिकवायचं काम माझ्याकडे आलं. मला ते आवडलं होतं, हेही सांगायला हवं. पंचविशीपासून त्याच खुर्चीत बसलेल्या माणसाला अचानक सगळे ‘सर, हे कसं करायचं’ विचारू लागले.

जेवणाची सुट्टी संपल्यावर कॅन्टीनमध्ये पडदा लावून मी तासभर शिकवायचो. टेबलांवर आमटीचे डाग, डोळ्यांवर झापड. लोक मान हलवायचे. मी त्याला ‘समजलं’ समजायचो. ताई मात्र पहिल्या बाकावर वही घेऊन बसायच्या. माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठ्या, बोनकोड्याच्या, स्टोअरमध्ये बावीस वर्षं. कोणता माल कोणत्या मांडणीवर हे त्यांना बघावं लागत नसे.

“भाऊ, हितं चुकलं तर खोडता येतं का?” त्यांनी एकदा विचारलं.

मला पुढचं पान घ्यायची घाई होती. “ताई, नीट केलं तर चुकणारच नाही,” मी म्हणालो. लोक हसले. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं.

शिकवल्यावर प्रत्येकाने ऑनलाइन परीक्षा द्यायची होती. प्रश्न इंग्रजीत, तीन वेळा नापास झालं की खातं बंद. शेवटच्या दिवशी मॅनेजर साहेबांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं, “पाच वाजेपर्यंत सगळ्यांच्या नावापुढे हिरवं दिसलं पाहिजे. सोमवारी जुनं बंद.” ताई तोवर दोनदा नापास झाल्या होत्या. मी त्यांना म्हटलं, बाजूला व्हा, मी भरतो.

“परीक्षा माजी हाय ना? मग मीच देते. नापास झाले तर परत शिकवा.”

“ताई, आता वेळ नाही.”

मी माउस हातात घेतला. त्या थोडा वेळ मागे उभ्या राहिल्या आणि स्टोअरमध्ये निघून गेल्या. मग बाकीच्या सोळा जणांच्या परीक्षाही मीच उरकल्या. फोर्कलिफ्टवाला दारातून डोकावला. “सर, आपल्याला किती पडले?”

“त्र्याण्णव.”

“दहावीला तुमीच बसायला पाहिजे होतं आपल्या नावावर. आज फोर्कलिफ्टवर नसतो.”

मीही हसलो.

सोमवारपासून मी अडकलो. कामगारांचे मोबाइल गेटवर जमा होतात, त्यामुळे लॉगिनचा ओटीपी यायला नंबर हवा म्हणून मी सगळ्यांच्या नावापुढे माझाच दिला होता. सतरा पासवर्ड माझ्या डायरीत. कोणालाच काही येत नव्हतं, मग पॅकिंगची नोंद मी करायचो, माल आत घेतल्याची मी, बाहेर पाठवल्याची मी. एकाच दिवसात मी कधी पॅकर असायचो, कधी फोर्कलिफ्टवाला. सकाळी आठपासून खिशात फोन थरथरत राहायचा. त्यांना नीट बसवून शिकवायचं तर साहेब विचारणार, हे तर पास झालेत ना. त्यांच्या नोंदी करणं सोडायचं तर कारखाना थांबणार. दोन्ही दारं मीच बंद केली होती.

कळंबोलीला मेहुण्याकडे पूजा होती. मी बायकोशेजारी पाटावर होतो आणि मांडीवरच्या फोनवर कोणाच्या तरी नावाने माल पाठवत होतो. तिने हळू आवाजात विचारलं, “तुम्ही नसलात तर कंपनी बंद पडते?”

“जवळजवळ.”

“मग महिनाभर एवढ्या लोकांना शिकवत होतात ते काय?”

तिला टोमणा मारायचा नव्हता, खरंच कळत नव्हतं. मी भटजींकडे बघत राहिलो.

आता ताईंचं. रबराचा कच्चा माल आला की लॅबचा रिपोर्ट येईपर्यंत तो वापरायचा नसतो. पूर्वी ताई त्यावर सुतळीने लाल कार्ड बांधायच्या. रिपोर्ट आला की कार्ड सोडायच्या. आता हे काम स्क्रीनवर होतं: रिपोर्ट बघायचा आणि ‘रिलीज’ दाबायचं. एकेक रिपोर्ट उघडून बघायला वेळ लागे, दुपारपाळी खोळंबे. म्हणून रोज चारच्या सुमारास मी ताईंच्या नावाने आत जायचो, सगळ्या ओळींवर एकदम टिक करायचो आणि रिलीज दाबायचो. बहुतेक वेळा रिपोर्ट आलेलेच असत.

एके दिवशी एका मालाचा आला नव्हता. ताईंनी सवयीने त्याला लाल कार्ड बांधलं होतं आणि रिपोर्टची चौकशी करायला त्या लॅबमध्ये गेल्या होत्या. दुपारपाळीच्या मुकादमाने कार्ड पाहिलं, स्क्रीन पाहिली, आणि सुतळी कापली. ‘कागद बघू नका, स्क्रीन बघा’ हे मीच त्याला शिकवलं होतं. सील बनले, गेले, आणि तीन आठवड्यांनी परत आले. तेल गळत होतं.

चौकशी कॅन्टीनमध्येच झाली, सगळ्यांसमोर. साहेबांनी मलाच नोंद वाचायला सांगितली. ताईंचं नाव, तारीख, चार वाजून दहा मिनिटं, रिलीज. मी वाचलं.

“त्या टायमाला मी लॅबमधे होते,” ताई म्हणाल्या. त्यांनी लाल कार्ड सोबत आणलं होतं. ते टेबलावर ठेवलं.

“कार्ड कधीही लिहिता येतं,” साहेब म्हणाले. “सिस्टिम खोटं बोलत नाही. यांचं ट्रेनिंग झालंय का?”

हा प्रश्न मला होता. ताई माझ्याकडे बघत होत्या. त्यांचा पासवर्ड माझ्याकडे आहे हे त्यांना माहीत होतं. त्या माझं नाव घेऊ शकल्या असत्या, पण घेतलं नाही. थांबल्या. मी बोलेन असं त्यांना वाटलं असावं. मला दोन वर्षांनी कॉलेजात जाणारी मुलगी दिसली, घराचा हप्ता दिसला, आणि खरं सांगायचं तर गेल्या महिन्यात साहेबांनी सगळ्यांसमोर थोपटलेली माझी पाठही दिसली.

“हो,” मी म्हणालो. “झालंय.”

त्याच दुपारी त्यांच्याकडून स्टोअरच्या किल्ल्या घेतल्या आणि त्यांना पॅकिंगला पाठवलं. निवृत्तीला सहा-सात वर्षं असताना त्या विशीतल्या मुलींच्या रांगेत उभ्या राहून खोके चिकटवू लागल्या. त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी ‘भाऊ’ राहिलो नाही. ‘सर’ झालो.

पण मी केलेली सगळ्यात वाईट गोष्ट पुढची आहे. साहेब म्हणाले, ही केस ट्रेनिंगमध्ये घाला, नाव नको. मी पान तयार केलं. वर मथळा: ‘न बघता रिलीज दाबल्यास काय होते?’ खाली गळणाऱ्या सीलचा फोटो. नवीन माणसं आली की मी ते पडद्यावर दाखवायचो आणि गंभीर आवाजात समजावून सांगायचो. नाव नव्हतं, पण हे कोणी केलं असं विचारलं की कोणीतरी पॅकिंगच्या दिशेने मान वळवायचं. असं मी पाच वेळा केलं.

एकदा सुटल्यावर बसस्टॉपवर त्या एकट्या दिसल्या. मी जवळ गेलो. “ताई, माझं चुकलं.”

“काय चुकलं?”

“सगळंच.”

“सगलंच म्हंजे कायच नाय, सर.” त्या रस्त्याकडे बघत होत्या. “आनि हितं कशाला सांगता? माजं नाव काय स्टॉपवर गेलं नाय. कॅन्टीनमधे गेलं.”

बस आली, त्या चढल्या. मी पुढच्या बसची वाट बघत बसलो, ती आली, तीही सोडली.

त्यानंतरही अडीच महिने गेले. रोज ठरवायचो आणि रोज काहीतरी निघायचं. साहेबांचा मूड, माल पाठवायची घाई, ऑडिट. मग जुन्या लोकांसाठी उजळणीचा वर्ग लागला आणि त्या यादीत ताईंचं नाव होतं. चूक केलेल्यांना तो सक्तीचा होता.

त्या शेवटच्या बाकावर बसल्या, पॅकिंगच्या मुलींबरोबर. वही नव्हती. साहेब चहाचा कप घेऊन दाराशी उभे होते. मी पानं सरकवत गेलो आणि ते पान आलं. कोणीतरी ताईंकडे वळून पाहिलं, नेहमीसारखं.

“हे पान खोटं आहे,” मी म्हणालो.

साहेबांनी कप खाली ठेवला.

“ते रिलीज मी दाबलं. ताईंच्या नावाने आत जाऊन. रोजच जायचो. त्यांचा ओटीपी माझ्या फोनवर येतो, अजूनही येतो. आणि ताईंची परीक्षा मी दिली, तुमचीही मीच दिली. तुम्हाला कोणालाच मी शिकवलेलं नाही.”

फोर्कलिफ्टवाला खाली बघू लागला. साहेब म्हणाले, “तुम्ही केबिनमध्ये या. इथे नको.” मी म्हणालो, येतो, दोन मिनिटं.

मागून ताईंचा आवाज आला. “आनि चार वाजता मी कुठं होते तेही सांगा.”

“ताई लॅबमध्ये होत्या,” मी म्हणालो. “रिपोर्ट मागत होत्या. मालाला लाल कार्ड त्यांनीच बांधलं होतं, त्याच दिवशी, आणि ते बरोबर होतं. मला हे चौकशीच्या दिवशीही माहीत होतं. साहेबांनी विचारलं तेव्हा मी ट्रेनिंग झालंय म्हणालो. ते झालं नव्हतं. ताई, तुम्ही परीक्षा स्वतः देते म्हणाला होतात आणि मी तुमच्या हातून ती घेतली. नंतर तुमचं स्टोअर घेतलं. मी तुमची सगळ्यांसमोर माफी मागतो.”