कोरडी गिरणा

ऐंशीच्या दशकातल्या एका वैशाखात भडगावला गिरणेच्या कोरड्या पात्रात छत्री रोवून मी चार दुपारी एक तैलचित्र रंगवलं. वाऱ्याने उडालेली वाळू ओल्या रंगात चिकटली, ती मी मुद्दाम तशीच ठेवली. गावातल्या एका कापड दुकानदाराने ते चित्र हौसेने विकत घेतलं.

दिवाळीत त्याच्या दुकानात गेलो, तर भिंतीवर माझी गिरणा दुथडी भरून वाहत होती. वर दोन पांढरी बदकं!

"दुकानात कोरडी नदी बरी दिसत नाही, भाऊ," शेठ म्हणाले. "पाट्या रंगवणाऱ्याकडून पाणी भरून घेतलं."

खाली सही मात्र माझीच होती. पुढे जन्मभर चित्रं काढली, पण भडगावात आजही माझं नाव निघतं ते त्या बदकांमुळे.